घरचा गंज

लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमागे, कडुनिंबाखाली आप्पांची बजाज चेतक कित्येक वर्षे पडून होती. मुलाला फोटोग्राफीचा भारी नाद. दर हिवाळ्यात तो जैसलमेरच्या वाळवंटात जायचा आणि गंजके ट्रक, मोडके नांगर, लोहाराच्या जुन्या ऐरणी यांचे फोटो काढून आणायचा. कोरड्या हवेत लोखंड सावकाश गंजते, म्हणून तिथे जुन्या वस्तू टिकून राहतात, असे तो घरात सर्वांना समजावून सांगे.

आप्पा निवृत्त झाले. क्वार्टर सोडून पुण्याला जायचे ठरले. मुलाने भंगारवाल्याला सांगून ठेवले.

"हे ओझं कशाला न्यायचं, आप्पा?"

आप्पा काहीच बोलले नाहीत. रविवारी मात्र ते त्याला चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात घेऊन गेले. तिथे पतियाळा संस्थानच्या मोनोरेलचे इंजिन आहे. १९०७ साली सुरू झालेली ती गाडी १९२७ मध्ये बंद पडली. १९६२ मध्ये तिचे अवशेष पतियाळात भंगारात सापडले आणि अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात ते पुन्हा उभे राहिले.

"हेसुद्धा भंगारच होतं," आप्पा एवढेच म्हणाले.

संध्याकाळी मुलगा कॅमेरा घेऊन कडुनिंबाखाली गेला. त्याने धूळ झटकली. स्कूटरच्या पायाखालची रबरी चटई पुढच्या बाजूला दोन जागी झिजली होती. लहानपणी तो तिथेच उभा राहून शाळेत जायचा.

त्या दिवशी फोटो काढायचे राहूनच गेले. पुण्याच्या ट्रकमध्ये सर्वांत आधी चढली ती चेतक.