लाकडाचा ओंडका

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

भाच्याने आज सलग पाच वेळा लोळवलं. खेळ ‘नारुतो’चा, ‘अल्टिमेट निन्जा स्टॉर्म ४’. मी साकुरा, तो अर्थातच सासुके. “मामा, ओंडका!” असं तो ओरडतो तोवर मी आडवा.

हा ओंडका म्हणजे खेळाचा जीव. फटका बसतो त्या क्षणी बचावाचं बटण दाबलं की आपल्या जागी नुसतं लाकूड उरतं आणि आपण शत्रूच्या पाठीशी. मात्र अशा हुलकावण्या चारच. संपल्या की पट्टी पुन्हा भरेपर्यंत मुकाट मार खायचा. बोटांची कसरत बेताची, खरी परीक्षा चिकाटीची आणि कंजूषपणाची. मी उधळ्या.

जाणकार नाकं मुरडतात: मोकळं मैदान, सोपे डाव, हा काय फायटिंग गेम? असेलही. पण हा खेळ ज्यावर बेतलाय ती किशिमोतोंची ‘नारुतो’ ही चित्रकथा १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं चालली. तिच्याबरोबर वाढलेल्यांना डाव नको असतात, ती माणसं हवी असतात. खेळ बनवणाऱ्या फुकुओकाच्या सायबरकनेक्ट टू कंपनीने २००८च्या पहिल्या ‘स्टॉर्म’पासून हे बरोबर ओळखलंय.

२०१६च्या या चौथ्या भागात शेवटी नारुतो आणि सासुके भिडतात. लहानपणापासूनचे मित्र. शेवटी दोघांचाही एकेक हात जातो. इथे भाचा कंट्रोलर माझ्याकडे देतो. “तू खेळ,” म्हणतो, आणि उशी पोटाशी घेऊन बसतो.

या लढतीत तो मला चिडवत नाही.