चुन्यातला हिरडा

घोडेगाव सोडलं, डिंभे धरणाची भिंत मागे टाकली की भीमाशंकरची वाट पाण्याच्या कडेकडेने चढू लागते. या पाण्याखाली जुनं आंबेगाव आहे. अख्ख्या तालुक्याला ज्याने नाव दिलं ते गाव धरणात गेलं. नाव तेवढं वर राहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळांचे दगड उघडे पडतात. त्यांची डागडुजी करायला आता कुणी जाणार नाही.

तळेघरच्या अलीकडे एका अंगणात बाळहिरडा वाळत घातला होता. काळा, सुरकुतलेला, मनुकेएवढा. राखण करत बसलेल्या म्हातारीला विचारलं, "मावशी, एवढा हिरडा जातो कुठं?"

"औषधाला जातो, रंगाला जातो," ती म्हणाली. "आम्ही येचायचा, वाळवायचा आन् घालायचा. पुढचं व्यापाऱ्याला ठावं."

पूर्वी तो भिंतींनाही लागायचा, हे ओठांवर आलं होतं. बोललो नाही.

वर भीमाशंकरला धुकं उतरलं होतं. देवळाजवळ शनिमंदिरापुढे दोन दगडी खांबांमध्ये एक भली मोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर क्रूस आहे. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा घाटावर आल्या. त्यांतली ही एक. ओल्या धातूवर तळहात ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो. समुद्राकाठी प्रार्थनेला बोलावणारी ही घंटा सह्याद्रीच्या माथ्यावर, ज्योतिर्लिंगाच्या दारात आली. तिच्यावरचा क्रूस कुणी घासून काढला नाही. मराठी माणसाच्या इतिहासातली ही गोष्ट मला लढाईइतकीच मोठी वाटते.

पण जिथून या घंटा निघाल्या ती वसई किल्ल्यातली चर्चं? कमानी आहेत, भिंती आहेत, वर आभाळ आहे. इमारत मरते ती माथ्याकडून. आधी छपराचं लाकूड कुजतं. मग भिंतीच्या उघड्या डोक्यातून पावसाचं पाणी आत मुरतं, सांध्यातला चुना सुटतो, तिथे पिंपळाचं बी रुजतं आणि उरलेलं काम मुळं करतात. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत ठरले. त्यांच्या सणाला माणसं किल्ल्यात जमतात तेव्हा त्या भिंतींना पुन्हा आवाज येतो.

अशा वास्तू सावरायच्या तर चुनाच लागतो. कळी विरवायची, दिवसचे दिवस भिजत ठेवायची, घाण्यात वाळूबरोबर मळायची. जुने गवंडी त्यात गूळ घालत, बेलफळाचा गर घालत आणि हिरड्याचं पाणी घालत. त्या अंगणात वाळणारा हिरडा तोच. असा चुना हवेतला वायू शोषत सावकाश पुन्हा दगड होतो, बारीक भेगा आपल्या आपण बुजवतो आणि भिंतीत मुरलेली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती ओल कोंडून धरतं. मग झिजतो तो शेजारचा दगड. चुन्याचं काम उतावळ्या माणसाचं नाही. वर्षभरात एक भिंत झाली तर ती प्रगतीच समजावी.

भिंतीचा गिलावा म्हणजे नुसती शोभा नव्हे, हे जुन्या गोव्याच्या बॉम जेझूने दाखवून दिलं आहे. १६०५ मधलं हे चर्च. १९५० च्या दशकात त्याचा गिलावा उतरवला गेला. उघडा पडलेला जांभा लोकांना आवडला, फोटोंत तोच रूढ झाला. पण तेव्हापासून प्रत्येक पावसाळा त्या दगडाला थोडा थोडा खातो आहे. जुनं दिसण्याच्या हौसेपायी जुन्याचंच अंग झिजावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

भीमाशंकरहून परतताना जुन्नरकडून कुकडी नदीच्या उगमाशी, पूर गावच्या कुकडेश्वराला गेलो. शिलाहार राजा झंझाने हे देऊळ बांधल्याचं सांगतात. भिंतींवरच्या मूर्ती झिजल्या आहेत, पण त्यांचे चेहरे अजून बोलतात. चावंड किल्ल्याकडून वारा येत होता. गाभाऱ्यात समई तेवत होती. एवढी शांत, एवढी पुरेशी देवळं मी फार थोडी पाहिली आहेत.

आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांतच तैलरंगाने चोपडलेले दगड आणि चकचकीत फरशीखाली गेलेले जुने उंबरेही दिसतात. त्यालाही जीर्णोद्धारच म्हणतात. जीर्णाचा उद्धार म्हणजे जीर्णाला हात देऊन उभं करणं. त्याला पाडून त्याच्या जागी दुसरं बसवणं नव्हे.

म्हणून विनंती एवढीच. तुमच्या गावच्या देवळाचं, चर्चचं किंवा दर्ग्याचं काम निघालं, वर्गणी गोळा झाली, तर सिमेंटची पोती उतरवून घेण्याआधी चुना मळता येणारा एखादा म्हातारा गवंडी शोधा. आणि हिरडा लागला तर तळेघरच्या वाटेवर अंगणाअंगणात आहे.