पेंग्विनच्या रांगेशेजारी

पंचवटीतून दादरला उतरलो आणि भाचीला घेऊन स्लो लोकल पकडली. परळ, करी रोड, चिंचपोकळी. गिरण्यांची धुराडी शोधायची माझी जुनी खोड. आता ती टॉवरांच्या मधून डोकावली तर डोकावतात. भाचीला धुराड्यांशी देणंघेणं नव्हतं. तिला राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे होते, आणि मला बागेच्या दारातलंच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. "आधी माझं, मग तुझं," असा तह नाशिकरोडलाच झाला होता.

भायखळा स्थानकापासूनच संग्रहालय सुरू होतं म्हणायला हरकत नाही. बोरीबंदर-ठाणे ही पहिली गाडी 1853 मध्ये इथूनच गेली. स्थानकाच्या जुन्या दगडी इमारतीचं अलीकडे निगुतीने जतन झालं आणि त्या कामाला 2022 साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. रोज लोकलसाठी पळणाऱ्यांना मान वर करून बघायला सवड कुठली! आम्ही पाहुणे, म्हणून पाहिलं.

डॉ. आंबेडकर रस्त्याने दहा-बारा मिनिटं चाललं की बागेचं फाटक येतं. बहुतेक गर्दी सरळ आत, प्राण्यांकडे जाते. शाळेच्या सहलीत आम्हीही तेच केलं होतं. संग्रहालय म्हणजे "बाई दमल्या की बसायची जागा" एवढीच त्याची ओळख. त्या काळी आत अंधार होता, काचा धुरकट होत्या आणि एक कुबट वास होता.

आता दार ओलांडल्यावर भाची चक्क थांबली. बिडाचे उंच खांब, त्यांवर सोनेरी कलाकुसर, हिरवट छत, पायाखाली नक्षीच्या फरशा. मधोमध राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट. त्या दोघांच्या नावानेच हे संग्रहालय 1872 मध्ये उघडलं. पण त्यासाठी झटले ते मुंबईकरच: जगन्नाथ शंकरशेट, जॉर्ज बर्डवूड आणि पेडण्याजवळच्या मांद्र्याहून आलेले रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे भाऊ दाजी. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले हे डॉक्टर शिलालेखांच्या वाचनातही तितकेच रमत. वर्गणी जमत होती, तोवर 1865 मध्ये शेअरबाजार कोसळला, देणगीदारांचे हात आखडले आणि शेवटी सरकारने बांधकाम पुरं केलं. संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव लागायला मात्र 1975 साल उजाडलं.

धुरकट काचांचं रूप पालटलं 2003 नंतर. महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इंटॅक यांनी मिळून काम हाती घेतलं. 2005 मध्ये युनेस्कोने त्याला सर्वोच्च पुरस्कार दिला आणि 2008 मध्ये दारं पुन्हा उघडली.

खरी गंमत कपाटांत आहे. इथे मातीची माणसं आहेत, वीत-दीड वीत उंचीची. कारागीर, फेरीवाले, नाना जातीजमातींची जोडपी. नुसत्या पगड्या दाखवणारी मातीची डोकीसुद्धा आहेत. पारशांच्या दोखम्याची प्रतिकृती आहे, होड्या आहेत. पाट्या मराठीतही आहेत, त्यामुळे भाची स्वतःच वाचत सुटली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मामा, ह्यांच्यापैकी कुणालाच नाव कसं नाही?"

नाही खरं. माणूस जातीने आणि धंद्याने ओळखायचा, पगडीवरून त्याचा खण ठरवायचा, ही त्या काळच्या साहेबी कारभाराची नजर. बोटं मात्र इथल्याच कारागिरांची. म्हणून नजर परकी असूनही पदराची चुणी चुकलेली नाही. मला ही कपाटं लोभस वाटतात आणि थोडी टोचतातही.

हे टोचणं संग्रहालयाने लपवलेलं नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. आजच्या चित्रकारांना बोलावून जुन्या वस्तूंशेजारी त्यांचं काम मांडायचा प्रघात त्यांनी पाडला. 2011 मध्ये जितिश कल्लाट यांनी या सोनेरी खांबांमध्ये परांच्या उभ्या केल्या. दिसायला बांबूच्या, प्रत्यक्षात रेझिन आणि पोलादाच्या, एकूण 120 तुकडे. कायम बांधकाम चालू असलेलं शहरच त्यांनी आत आणलं होतं. पुढे अतुल दोडिया यांनी '7000 म्युझियम्स' या प्रदर्शनात कल्पनेतली संग्रहालयं रंगवली. मुलांच्या कार्यशाळा होतात, मोठ्यांसाठी कलेतिहासाचा अभ्यासक्रमही चालतो. महागड्या गॅलरीची पायरी चढायला बिचकणारा माणूस इथे माकड बघायला येता येता समकालीन कलेसमोर उभा राहतो. मला वाटतं, भायखळ्याची ही जागाच संग्रहालयाचं निम्मं काम करते.

मग जागा अपुरी पडणारच. विस्तारासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, 104 प्रवेशिका आल्या, आठ जणांना अंतिम फेरीत घेतलं आणि 2014 मध्ये अमेरिकन वास्तुरचनाकार स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. पांढऱ्या काँक्रीटची सव्वा लाख चौरस फुटांची इमारत, खाचांमधून झिरपणारा उजेड, खाली पावसाच्या पाण्याचं तळं. चित्रात फार देखणी दिसते. ती अजून चित्रातच आहे. दोडियांच्या कल्पनेतल्या संग्रहालयांत आणखी एकाची भर!

बाहेर आवारात आलो. मुंबईने नको म्हटलेलं इथे आणून ठेवायची जुनी रीत दिसते. काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, 1965 मध्ये हलवला तो इथेच. त्याहून मोठी कहाणी दगडी हत्तीची. घारापुरीला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' म्हटलं ते याच हत्तीवरून. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे 1914 मध्ये जुळवले. सांधे अजून दिसतात.

भाचीने जवळ जाऊन ते सांधे मोजायला घेतले. सातव्याला तिचा हिशोब चुकला, तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेवढ्यात पेंग्विनची रांग फाटकापर्यंत आली होती.