मण्याचं वेज

आमच्या तेरला पहिला पाऊस पडला की पोरं पांढरीकडं धावायची. गावाला लागून जुन्या वस्तीची टेकाडं आहेत. तिथली माती राखाडी-पांढरी, खतासारखी. लोक गाड्या भरून ती शेतात टाकायचे. पावसानं वरचा थर धुऊन निघाला की मणी उघडे पडत. लालभडक, मधाच्या रंगाचे, काही काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. दिवसभर वाकून फिरावं, तेव्हा कुठं एखादा हाती लागायचा.

मणी आणून दिला की आजी तो पदराला पुसायची, उजेडाकडं धरायची आणि एक डोळा मिटून वेजातून बघायची.

"रंग समद्यांनाच दिसतोय, लेकरा. वेज बघ. गारेसारखा टणक दगड ह्यो. पाडणाऱ्याचा जीव निघाला आसंल."

वेज दोन्हीकडून पाडलेलं असायचं. मधोमध जिथं दोन्ही भोकं भेटत, तिथं बारीकशी कड राही. दोरा तिथंच अडायचा. आजी दोऱ्याला मेण लावून तो पुढं सारायची. असे एकवीस मणी तिनं कितीतरी पावसाळ्यांत जमवले होते. अक्काच्या लग्नात तिच्या गळ्यात घालायचे म्हणून.

मग १९७२चा दुष्काळ आला. तेरणेत पाण्याचा थेंब नव्हता. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. संध्याकाळी घरी आली की पापण्यांवरसुद्धा धूळ. तोंड धुतलं तरी खोकला धुतला जायचा नाही. घरात मिलोच्या लाल भाकरी, त्याही मोजून. एक दिवस गावात जुन्या वस्तू विकत घेणारा माणूस आला. अण्णांनी आजीची माळ त्याच्या हातावर ठेवली. पंधरा रुपये मिळाले. आजी नुसती बघत राहिली. अण्णा खाली मान घालून म्हणाले, "लेकरांच्या पोटात काय घालू, आई? मणी?"

त्या पैशाची ज्वारी आठ-दहा दिवस पुरली. अक्काचं लग्न पुढं साध्या काळ्या पोतीवर झालं. तिनं माळेचं नाव कधी काढलं नाही. त्यामुळंच मला ते जास्त लागलं.

गावातल्या सगळ्याच वस्तू अशा गेल्या नाहीत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीत सापडलेलं पुष्कळ काही जमवून ठेवलं. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आज तेरला आहे. तिथंच मला कळलं की तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासग्रंथात पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत. पैठणहून पट्ट्यांचा दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं, असं तो लिहितो. काचेमागचे मणी बघताना मी आपला वेजच बघत उभा राहिलो.

काही वर्षांपूर्वी मुलाची बदली गुजरातेत आणंदला झाली. तिथून खंभात जवळ. अकीकाचं काम तिथं आजही चालतं हे ऐकून गेलो. एका म्हाताऱ्या कारागिरानं ओसरीवर बसवून सगळं दाखवलं. दगड पूर्वापार भडोचकडच्या रतनपूरच्या खाणींतला. कच्चा दगड बटाट्यासारखा दिसतो, मळकट. तो उन्हात वाळवायचा, मग मातीच्या मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आगीत भाजायचा. दगडात लोहाचा अंश असतो, तो भाजला की लाली चढते. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी खिळ्यावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं टवके काढायचे. लोखंडी हातोडीनं दगड उडतो, शिंगानं ऐकतो. पुढं चाकावर घासून गोलाई. शेवटी वेज. सुताराच्या सामत्यासारखी धनुकलीनं फिरवायची सळई, तिच्या टोकाला हिऱ्याची कणी, वरून थेंब थेंब पाणी. अर्ध्यापर्यंत एका बाजूनं, मग मणी उलटा करून दुसऱ्या बाजूनं. मधे नेम चुकला तर सगळी मेहनत वाया.

सांगता सांगता त्याला ढास लागली. पाणी प्यायला आणि म्हणाला, "धाकटा भाऊ चाकावर बसायचा. तो गेला. आधी टीबी म्हणून औषधं दिली. टीबी नव्हता."

त्या दुखण्याला सिलिकोसिस म्हणतात. दगडाची भुकटी श्वासातून फुप्फुसात जाऊन बसते, ती परत निघत नाही. फुप्फुस घट्ट होत जातं, माणूस धापा टाकायला लागतो. काम थांबवलं तरी झालेलं नुकसान भरून येत नाही. आणि चाक घरातच असतं, म्हणून बायकापोरांच्याही छातीत ती धूळ जाते.

मी एकवीस मणी मोजून घेतले. सांगेल ती किंमत दिली.

माळ घेऊन अक्काकडं गेलो. आता तिचे केस पांढरे झालेत. तिनं एक मणी पदराला पुसला, उजेडाकडं धरला आणि एक डोळा मिटला. थेट आजी.

"वेज सरळ हाय की रं. कोण होता पाडणारा?"

मी सगळं सांगितलं. भाऊ गेल्याचंही. ती बराच वेळ मणी बोटांत फिरवत राहिली.

"मायवानीच खोकत आसंल त्यो," एवढंच म्हणाली.

माळ तिनं गळ्यात घातली. मी गेलो की अजून विचारते, खंभातच्या त्या माणसाची काही खबर आहे का.