रंग, धूळ आणि हवा

उन्हाळा जवळ आला की आमच्या खानदेशात घरोघरी एक काम ठरलेले असते. गच्चीवर ठेवलेला लोखंडी कूलर खाली उतरवायचा, धुवायचा, त्याचे जुने गवत काढून नवे भरायचे आणि गंजलेल्या पत्र्याला रंग द्यायचा. जळगाव-भुसावळचे ऊन तुम्ही ऐकून असाल. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत कूलरशिवाय दुपार निघत नाही.

आयटीआयचे शिक्षण संपल्यावर मी हेच काम जळगावला घरी सुरू केले. घरामागे पत्र्याची एक शेड होती. एक लहान कॉम्प्रेसर आणि रंग फवारण्याची गन विकत घेतली. कूलर, सायकली, पेट्या रंगवू लागलो. कूलर खिडकीबाहेर उभा राहणार. त्यावर धुळीचे दोन-चार कण चिकटले तरी कोणी बोट दाखवत नसे. त्यामुळे मला वाटू लागले की आपल्याला हे काम चांगले येते.

एके दिवशी शेजारचे काका हातगाडीवर एक जुने लोखंडी कपाट घेऊन आले. म्हणाले, ''मुलीचं लग्न दहा दिवसांवर आलं आहे. नवं कपाट घेणं जमणार नाही. हेच नव्यासारखं करून दे.'' त्यांनी हे अगदी हळू आवाजात सांगितले. मी मोठ्या उत्साहाने ''हो'' म्हटले.

दुसऱ्या दिवशी मी शेड झाडून स्वच्छ केली आणि लगेच, भर दुपारी, कपाटावर रंग मारला. संध्याकाळी ते छान चमकत होते. सकाळी दार उघडून हात फिरवला, तर काय! जणू कोणी ओल्या रंगावर रवा पेरला होता. उजेडात तो प्रत्येक कण दिसत होता.

सगळा रंग पुन्हा घासून काढावा लागला. त्यात दोन दिवस गेले. मग मी ठरवले, आता धुळीला आत येऊच द्यायचे नाही. खिडकीवर प्लॅस्टिक ठोकले. पत्र्याच्या फटींत कापडाचे बोळे कोंबले. दार आतून लावले. धाकटा भाऊ तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला दिवा धरायला सोबत घेतले. दोघांनी तोंडाला रुमाल बांधले आणि मी गन सुरू केली.

पंधरा मिनिटेही झाली नसतील. माझे डोळे चुरचुरू लागले, डोके जड झाले. तरी मी थांबलो नाही. इतक्यात हातातला दिवा ठेवून भाऊ खाली बसला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी कसेबसे दार उघडले. अम्मी धावत आल्या. त्याला ओट्यावर नेले आणि वारा घातला. त्याला दोनदा उलटी झाली. तासाभराने तो बोलू लागला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. अम्मी मला एकच वाक्य बोलल्या, ''धूळ बाहेर ठेवायची म्हणून हवापण बाहेर ठेवलीस का रे?''

त्या वाक्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी पकडून मी धुळ्याला मामूंकडे गेलो.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्याला एकमेकांना मिळतात. त्यामुळे तेथे ट्रकची वर्दळ फार. मामूंनी सारे आयुष्य ट्रकच्या बॉडी रंगवण्यात घालवले होते. आणि वारा तर धुळ्याचाच! त्याच जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर आज पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, त्या या वाऱ्याच्याच जोरावर. अशा गावात मामूंच्या रंगावर कण कसा दिसत नाही, हे मला शिकायचे होते.

मामूंनी सगळे ऐकून घेतले. आधी भावाची तब्येत विचारली. मग म्हणाले, ''बेटा, धूळ कुठून येते?''

''बाहेरून,'' मी म्हटले.

ते मला एका अंधाऱ्या खोलीत घेऊन गेले. टॉर्च लावून त्यांनी माझ्या बाहीवर एक टिचकी मारली. उजेडाच्या झोतात शेकडो कण नाचू लागले. ''ही बाहेरची आहे का?'' ते हसून म्हणाले. ''ही तू बरोबर आणलीस.''

मित्रांनो, तुमच्या उर्दूत धुळीला 'गर्द' म्हणतात. मराठीत 'गर्द' म्हणजे दाट. गर्द झाडी, गर्द हिरवा रंग. टॉर्चच्या उजेडात ती धूळ पाहिली तेव्हा मला दोन्ही अर्थ एकदम पटले.

त्या दिवशी मामूंनी मला धुळीची सगळी घरे दाखवली. पहिले घर आपले कपडे. लोकरीच्या किंवा लव असलेल्या कपड्यांतून सतत तंतू गळतात. नायलॉनचे कपडे घासले गेले की त्यांत वीज निर्माण होते आणि ते धूळ ओढून घेतात. म्हणून रंगाच्या वेळी धुतलेला सुती सदरा घालावा. दुसरे घर जमीन. गनची हवा जमिनीवर आपटली की खालची धूळ वर उडते. म्हणून आपल्या घरी अंगणात सडा घालतात तसे आधी जमिनीवर पाणी शिंपडावे आणि वस्तू विटांवर किंवा स्टुलावर उंच ठेवावी. तिसरे घर ती वस्तूच. कपाटाच्या बिजागरीत, कप्प्याखाली, कुलपाच्या भोकात धूळ लपून बसते आणि गनची हवा लागताच बाहेर येते. तेथे आधी ब्रश फिरवावा आणि शेवटी सगळ्या पत्र्यावरून किंचित वॉर्निश लावून चिकट केलेले मलमलचे फडके हलक्या हाताने फिरवावे.

माझी चूक कोठे झाली, तेही कळले. मी शेड झाडली आणि लगेच रंग मारला. झाडल्यावर धूळ जात नाही. ती फक्त हवेत चढते. मोठे कण लवकर खाली बसतात, पण बारीक कणांना अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. शिवाय रंगाचा सुकलेला एक थर साधारण 25 ते 30 मायक्रॉन जाड असतो. एका मिलिमीटरचे 1000 मायक्रॉन होतात. आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. आता विचार करा, केसाहून बारीक असा 50 मायक्रॉनचा कणही त्या थरातून वर डोके काढणारच. उथळ पाण्यातून दगड वर दिसतो, तसा.

मी माझ्या कपाटाचा एक खण दाखवायला बरोबर नेला होता. मामूंनी त्यावर बोट घासले. काही ठिकाणी बोटाला रंगाचीच भुकटी लागली. ''ही धूळ नाही,'' ते म्हणाले, ''हा तुझाच रंग आहे. दुपारच्या उन्हात थिनर वाटेतच उडून गेला आणि रंग पत्र्यावर पोहोचण्याआधी सुकला.'' म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात रंग पहाटे मारावा, तेव्हा वाराही पडलेला असतो. गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर, 15 ते 20 सेंटिमीटरवर धरावी. फार लांब धरू नये.

शेवटी मी मनातला प्रश्न विचारला, ''मामू, शेड बंद केली तर जीव गुदमरतो. उघडी ठेवली तर धूळ येते. मग करायचं काय?''

मामूंनी खिडकीकडे बोट दाखवले. तेथे कूलर चालू होता. ''तू रोज याला रंग देतोस. हा काय करतो, ते कधी पाहिलं नाहीस?''

खरेच मी ते पाहिले नव्हते. कूलर बाहेरची हवा आत घेतो, पण ती ओल्या गवतातून गाळून. बरीचशी धूळ त्या ओल्या गवतात अडकते. हवा आत ढकलली गेल्यामुळे खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा वाढतो. मग फटींतून हवा आत येत नाही, ती बाहेर जाते. धुळीला शिरायला जागाच उरत नाही. आणि कूलरची मोटर बाहेरच्या स्वच्छ हवेत फिरते, हेही महत्त्वाचे. थिनरची वाफ पेट घेते. साध्या पंख्याने ती वाफ बाहेर ओढली, तर मोटरच्या एका ठिणगीने आग लागू शकते.

जळगावला परत येऊन मी तसेच केले. शेडच्या खिडकीत बाहेरून कूलर बसवला आणि तो अगदी मंद चालवला. पाण्याचे थेंब कपाटावर उडू नयेत म्हणून पुढे मलमलचा पडदा लावला. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. म्हणून समोरच्या बाजूला खालून हवा निघून जाण्यासाठी दार अर्धे उघडे ठेवले. त्या बाजूला कोणाची खिडकी नाही, हे आधी पाहिले. कॉम्प्रेसर बाहेर ठेवला. बाजारातून कोळशाच्या डब्या असलेला मास्क आणला. रुमाल धूळ थोडी अडवतो. वाफ मुळीच अडवत नाही. भावाला अंगणात बसवले.

लग्नाच्या तीन दिवस आधी, पहाटे, मी तिसऱ्यांदा रंग मारला. सकाळी हात फिरवला. डावीकडे खाली, कोपऱ्यात, एक कण होता. फक्त एक. काकांनी कपाटाच्या दारात आपला चेहरा पाहिला आणि काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढे मी या गनचा इतिहास वाचला. अमेरिकेतील टोलेडो शहरात डॉ. ॲलन डेव्हिल्बिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी रुग्णांच्या घशात औषध फवारण्याचे साधन तयार केले. त्यांचे चिरंजीव थॉमस यांनी 1907 च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंगाची गन बनवली. पूर्वी मोटार रंगवायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत आणि रंग ओला असेपर्यंत धूळ चिकटत राही. 1923 मध्ये लवकर सुकणारा 'ड्यूको' रंग निघाला. तो गनने फवारता येई, आणि धुळीला मिळणारा वेळ एकदम कमी झाला. आपल्याकडचे पेंटर 'ड्युको' हा शब्द आजही वापरतात. हे वाचताना मला भावाचा चेहरा आठवला. जे साधन घसा बरा करण्यासाठी जन्माला आले, त्यानेच मी एका मुलाचा श्वास कोंडला होता.

आणखी एक गोष्ट त्या वेळी मला ठाऊक नव्हती. जुना रंग मी कोरड्या पॉलिश पेपरने घासत असे आणि त्या भुकटीत भाऊ खेळत असे. जुन्या रंगांत शिसे असू शकते, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला फार अपाय करते. आपल्या देशात 2016 मध्ये घरगुती रंगांसाठी नियम झाला. रंगात शिसे दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक असू नये. तो नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. पण त्याआधी रंगवलेली कपाटे, पेट्या, खिडक्या अजून घरोघरी आहेत. त्या घासायच्या असतील तर वॉटर पेपर घेऊन पाण्याने घासाव्यात, म्हणजे भुकटी उडत नाही. आणि लहान मुलांना दूर ठेवावे. मोटारींना मारतात तो हार्डनर मिसळायचा रंग तर घरी कधीच मारू नये.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या रंगारी होईल, कोणी आपलीच सायकल रंगवील. रंगावर एखादा कण राहिला तर तो घासून काढता येतो, पुन्हा रंग देता येतो. मी तर एकाच कपाटाला तीनदा रंग दिला. पण त्या दिवशी अम्मींनी दार ठोठावण्याची वेळ आली असती आणि आतून कोणी उत्तर दिले नसते, तर मी काय घासून काढणार होतो? म्हणून काम सुरू करण्याआधी धूळ कोठून येईल, हे जरूर पाहा. पण त्याही आधी हवा कोठून येईल, ते पाहा.

माझा भाऊ आता मोठा झाला आहे. कधी कधी तो शेडवर येतो. मी गन हातात घेतली की तो आधी दार उघडे आहे ना, ते पाहतो आणि मगच अंगणात जाऊन बसतो.