खुणांचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवायचे म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो. नोकरीपायी सात वेळा हलवले. सातही वेळा पाटा-वरवंटा सुखरूप पोहोचला आणि माझी पुस्तके तेवढी भिजली. म्हणून परवा कन्या म्हणाली, "बाबा, आईचे बुकमार्क नव्या संगणकावर न्यायला हवेत," तेव्हा मी आधी दचकलोच.

पुस्तकात एस.टी.चे तिकीट खुणेला घालून ठेवायची हिची जुनी सवय. पुढे तीच सवय फायरफॉक्सवर गेली. आता तो संगणक थकला, आणि नव्यावर आहे क्रोम.

काम मात्र दोन मिनिटांचे निघाले. सगळ्या खुणांची एक फाइल काढायची आणि नव्या ब्राउझरच्या हवाली करायची. मौज अशी की, ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्याच ओळीत नाव दिसते नेटस्केपचे! हा ब्राउझर १९९४ साली आला आणि २००८ साली मिटला. तरी फायरफॉक्स काय, क्रोम काय, खुणांची यादी अजून त्याच्याच नमुन्यात लिहितात. मालक जाऊन वर्षे लोटली तरी वाडा त्याच्याच नावाने ओळखला जावा, तसे. आणि या यादीत पाने नसतातच, नुसते पत्ते. तिथे अजून कोणी राहते का, हे जाऊनच पाहायचे.

कन्या चहा टाकायला गेली. प्रत्येक पत्त्याशेजारी एक दहा आकडी संख्या होती: १ जानेवारी १९७० पासून खूण घालेपर्यंत लोटलेले सेकंद. जन्म हिशेबात गेलेला मी; पेन्सिल घेऊन बसलो. कोकण रेल्वेचे वेळापत्रक, चकली मऊ का पडते, आणि मग एका आजाराचे पान. १४९९९७८४००. उत्तर आले १३ जुलै २०१७, रात्रीचे आठ चाळीस. मग ध्यानात आले, हा हिशेब ग्रीनिचचा. आपले साडेपाच तास मिळवायचे राहिले. मिळवले. १४ जुलै, रात्रीचे दोन दहा. त्या वेळी मी शेजारच्या खोलीत झोपलेला असणार.

आम्हांला तिने सांगितले ते गणपती उठल्यावर. त्या वर्षीचे एकवीस मोदक तिने एकटीने वळले होते, आणि कळ्या नीट पडल्या नाहीत म्हणून मीच तिची थट्टा केली होती.

"बाबा, यातली निम्मी पाने आता उघडत नाहीत," कन्या चहा ठेवत म्हणाली. "ती वगळू या?"

"सगळी घे."

तिने माझ्या कागदाकडे पाहिले. विचारले काहीच नाही. खुणा होत्या तशा क्रोममध्ये गेल्या. चकलीचे पान अजून उघडते. मोहन कमी पडले तर काय, जास्त झाले तर काय, सारे सविस्तर दिले आहे. यंदा भाजणी मळताना कन्येने संगणक थेट ओट्यावरच आणून ठेवला, आणि त्याच्या कळांवर पिठाची बोटे उमटली आहेत. मी अजून पुसलेली नाहीत.