थांबली की तापणारी गाडी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. "धुळ्याच्या त्या उघड्या गाडीचं काय झालं?" असे तिघाचौघांनी फोनवर विचारले. प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा इथेच लिहून टाकतो. ब्लॉगवाल्या मित्रांपैकी कुणाकडे जुनी गाडी असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या देशात निघालेली दोन माणसांची स्पोर्ट्स कार. अंग फायबरचे, इंजिन फ्रान्सच्या रेनोचे, ११४९ सीसीचे. फार थोड्या खपल्या. माझ्या धाकट्या भावाने ती जुनी घेतली आणि धुळ्यात लेकरासारखी जपली. तो जाऊन दोन वर्षे झाली, तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभी. मे महिन्यात पुतण्याने बाहेर काढली, तर गावातल्या गर्दीतच काटा लाल रेषेला. एका मिस्त्रीने बघून सांगितले, "हेड गॅस्केट गेलं, इंजिन उतरवावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून पुतण्याने भंगारवाल्याशी बोलणे सुरू केले. नोकरी पुण्यात, सुटी दोन दिवसांची, त्याचेही बरोबरच होते. भावजय त्याला काही बोलली नाही. मला मात्र फोन करून म्हणाली, "भाऊजी, देण्याआधी तुम्ही एकदा बघून जा."

मी मराठीचा मास्तर, इंजिनियर नव्हे. पण पद्मिनी बरीच वर्षे वापरली, आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात जुनी गाडी वापरणारा माणूस निम्मा मिस्त्री होतोच. धुळ्याला पोचल्यावर मी पुतण्याला एकच विचारले, "चालताना तापते की थांबल्यावर?"

तो म्हणाला, "थांबल्यावर, मोठे काका. हायवेला लागलो की काटा खाली येतो."

निम्मे उत्तर इथेच मिळाले. गाडी वेगात असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याची फारशी गरज पडत नाही. वेगातही तापत असेल तर पाणी कमी, रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पाण्याचा पंप गेलेला. उभी राहिली की तापते, तर आधी पंखा बघावा. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर चालायचा, इंजिन सुरू तोवर तो फिरणारच. स्टॉर्मसारख्या गाड्यांत विजेचा पंखा असतो. पाणी ठरावीक तापले की रेडिएटरवरचा स्विच त्याला सुरू करतो. त्यात आपल्याकडे बाहेरच ४४-४५ अंश. रेडिएटरने उष्णता टाकायची तरी कुठे?

गॅस्केटची खात्रीही करून घेतली. ऑईलची पट्टी काढून पाहिली. गॅस्केट जाऊन ऑईलमध्ये पाणी शिरले की ते दुधाच्या चहासारखे दिसते. हे स्वच्छ होते. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, इंजिन गार असताना झाकण काढून सुरू केले तर रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. (गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडले की ते सगळे तोंडावर येते.)

मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. तो गाड्यांचे इलेक्ट्रिक काम करतो. त्याने रेडिएटरच्या स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या. रिले टक्क वाजला, पंखा ढिम्म. बॅटरीवरून थेट पॉझिटिव्ह दिले, तरी ढिम्म. मग निगेटिव्हही थेट बॅटरीवरून दिले आणि पंखा असा भरारला की शेडमधला पाचोळा उडाला.

"गुर्जी, मोटर चांगली शे," तो म्हणाला. "अर्थिंगमाच खोट शे."

पत्र्याच्या गाडीत विजेला परतायला सगळे अंगच मोकळे असते. कुठेही वायर कसली की झाले. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी वायर थेट लोखंडी सांगाड्यापर्यंत न्यावी लागते. दोन पावसाळे गाडी उभी राहिली, सांगाड्यावर जिथे ती वायर बोल्टने कसली होती तिथे गंज चढला, आणि पंख्याची परतीची वाट बंद झाली. त्याने बोल्ट काढला, पॉलिश पेपरने जागा चकचकीत घासली, नवी थिंबळ लावून वायर कसली आणि वर ग्रीस फासले. रेडिएटरमध्ये नवे कूलंट भरले. पैसे घेईना, तेव्हा भावजयीने त्याला शेवभाजी-भाकरी खाऊ घातली.

मिस्त्री लबाड होता असे मी म्हणणार नाही. पण गाडी तापली की सरळ थर्मोस्टॅट काढून फेकायचा नाहीतर इंजिन उघडायचे, ही आपल्याकडची सवय मला पटत नाही. अर्थात पुतण्याने तशीच दामटली असती तर हेड वाकून गॅस्केट खरेच गेले असते.

दुसऱ्या दिवशी पुतण्या आणि मी तिच्यातूनच जळगावला निघालो. पारोळा, एरंडोल मागे पडले, काटा निम्म्यावर. बांभोरीला गिरणेच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती. डोक्यावर ऊन, छत उघडे, आम्ही दोघे काट्याकडे बघतोय. निम्म्याच्या वर, अजून वर... आणि पुढून घुर्रर्र आवाज आला. काटा परत खाली. पुतण्या काही बोलला नाही, नुसता स्टिअरिंगवर हात फिरवत राहिला.

भंगारवाल्याला नाही म्हणून कळवले आहे. गाडी सध्या जळगावात माझ्याकडे आहे, दर रविवारी अर्धा तास चालवतो. दिवाळीला पुतण्या आला की नोंदणीच्या नूतनीकरणाचे बघायचे आहे. आणि भावजयीला अजून एकदाही तिच्यातून फिरवलेले नाही, ते त्याच्याआधी.